भारतात दिसणार नाही

शके एकोणीसशे पंचेचाळीसच्या पंचांगाची प्रुफं आली आहेत.
नारायण पेठ, दुसरा मजला, खाली झेरॉक्सवाला,
माझ्यासमोर फाल्गुन अमावास्या, सोमवार:
खग्रास सूर्यग्रहण. भारतात दिसणार नाही.
वेधादि नियम पाळू नयेत.
'वेधादि'चा 'दि' ऱ्हस्व. बरोबर आहे.
मी बरोबरची खूण करतो, पुढे जातो,
आणि मग जात नाही.

ग्रहणांना परतून यायची खोड असते.
अठरा वर्षं, अकरा दिवस, वर आठेक तास,
की तेच ग्रहण पुन्हा, जरा पश्चिमेला सरकून.
तीन फेऱ्या झाल्या की जवळजवळ त्याच मुलखावर.
मी बोटांनी मागे मोजत जातो.
माळ्यावरच्या गठ्ठ्यांत धूळ, झुरळं, शके अठराशे एक्याण्णव.
माघ अमावास्या, शनिवार. सूर्य कुंभेत, राहूही कुंभेत.

त्या रात्री मी आईच्या पोटात होतो.
ओठ शिवायला नुकताच कुठे घेतला असेल कुणी.

दिवाळीनंतर आलो, तो वरचा ओठ फाटका घेऊन.
ससूनमध्ये सात टाके. वाढदिवसाचा फोटो नाही.
"गिराणात काहीतरी चिरलं असणार हिनं,"
अनसूयाकाकू म्हणाली. चंपूकाकूला लगेच आठवलं:
तोंडली.
बाबांच्या रात्रपाळीच्या डब्याला, खडकीच्या चाळीत,
विळीवर बसून उभी चिरलेली तोंडली.
झालं. तोंडली, म्हणून तोंड.
आमच्या भाषेत पुरावा इतका सोपा असतो.

पंक्तीत बसलेल्या राहूची खबरसुद्धा दोघांनीच दिली होती,
आणि घोट गळ्याखाली उतरायच्या आत चक्र आलं.
लहानपणी मला तो आवडायचा.
आरशात बघून वाटायचं, याला निदान
कुणी धड टाके घातले असते तर!

आई मात्र काही बोलली नाही कधी.
घरात तोंडली आली नाहीत पुन्हा.
दर ग्रहणाला गल्लीतून आरोळी यायची,
"दे दान, सुटे गिराण,"
की ती आधीच दारात उभी: ज्वारी, जुनं लुगडं,
एकदा तर कानातलं.
मी विचारायचो, किती देशील?
ती म्हणायची, सुटेपर्यंत.

फार पूर्वी, बाबिलोनमध्ये,
मातीच्या विटांवर ग्रहणांचे शकुन लिहीत.
अशुभ आलं की राजा लपून बसे
आणि गादीवर एखाद्या बंद्याला बसवत,
मुकुट घालून, संकट त्याने अंगावर घ्यावं म्हणून.
मला त्या बंद्याचा चेहरा माहीत आहे.
पण त्यांचाही एक नियम होता:
जे ग्रहण नगरातून दिसलं नाही, ते मोजायचं नाही.

मी माळ्याच्या शिडीवरच बसून वाचलं.
स्पर्श रात्री साडेआठच्या सुमाराला, मोक्ष उत्तररात्री.
रात्री! पुण्यात तेव्हा सूर्यच नव्हता.
तो मेक्सिकोवर होता, तिकडे काळवंडत होता,
आणि इकडे साठ वॉटच्या बल्बखाली
बावीस वर्षांची एक बाई भाजी चिरत होती.
खाली तीच ओळ, खिळ्यांच्या जुन्या टायपात, जराशी तिरकी:
भारतात दिसणार नाही. वेधादि नियम पाळू नयेत.
आमच्याच छापखान्यात छापलेली.
तीस वर्षं मी तिच्याखालून जात-येत होतो.

संध्याकाळी पान घेऊन खडकीला गेलो.
दोनदा वाचून दाखवलं, तिथी, वार, घटका-पळांसकट.
तिने चष्मा काढला. पुसला. घातला.
"मग कशानं?" तिने विचारलं.
माझ्या ओठाकडे बघत,
जणू तो आत्ताच कुणीतरी तिच्या हातात दिला आहे.
मला उत्तर येईना.
दोष गेला, आणि जाताना कारणही घेऊन गेला.

बऱ्याच वेळाने मी म्हणालो, ते कानातलं तरी
उगाच दिलंस.

"उगाच कसं?" ती म्हणाली.
"गिराण दिसलं नसेल.
मागणारी तर इथंच दिसायची ना."